पाझरणारं मडकं: नाईलकाठच्या कुंभाराला नेमकं काय येतं?

१ नोव्हेंबर २०२५ रोजी गिझाच्या पिरॅमिडांशेजारी ग्रँड इजिप्शियन म्युझियमचं रीतसर उद्घाटन झालं आणि इजिप्त पुन्हा सगळ्यांच्या मोबाइलवर आलं. तुतनखामूनचा मुखवटा, सोन्याच्या पेट्या, रथ. इजिप्तचा विषय निघाला की आणखी एका प्रकारचे व्हिडिओ हमखास फिरू लागतात. जमिनीतल्या खळग्यापुढे उकिडवा बसलेला कुंभार एका हाताने मातीचा गोळा फिरवतो आहे, दुसऱ्या हाताने ठोकतो आहे, आणि खाली ओळ असते की पाच हजार वर्षांत तसूभरही न बदललेली ही कला.

ही ओळ अर्धीच खरी आहे. खरं काय आणि खोटं काय हे समजून घ्यायचं तर मडकं म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते. आपल्याला वाटतं कुंभाराचं कसब आकारात असतं. नाईलकाठच्या कुंभाराचं कसब मडकं किती पाझरेल हे ठरवण्यात आहे. हे एकदा ध्यानात आलं की त्या कुंभारांच्या गावांचं आज काय होतंय, तेही कळतं.

व्हिडिओतलं हे गाव कुठलं?

कैरोपासून नैर्ऋत्येला साधारण शंभर किलोमीटरवर फय्यूम नावाचा खोलगट, हिरवा प्रदेश आहे. चारी बाजूंनी वाळवंट, मध्ये शेती, आणि वायव्येला कारून सरोवर, जे समुद्रसपाटीपेक्षा चाळीसहून अधिक मीटर खाली आहे. नाईल इथून वाहत नाही. तिचं पाणी आणि गाळ ‘बहर युसुफ’ या कालव्यातून येतो. याच फय्यूममध्ये अल-नझला नावाचं गाव आहे. गाव वर आणि कुंभारवाडा खाली, एका घळीत. घळीच्या तळाशी पाणी वाहतं, उतारावर कच्च्या विटांच्या घुमटाकार भट्ट्या आणि भट्ट्यांना लागून कामाच्या खोपी आहेत. काम मोजकीच कुटुंबं करतात, आणि मुलगा बापाजवळ बसून शिकतो.

तिथलं ओळखीचं भांडं म्हणजे ‘बुकला’: जवळजवळ पूर्ण गोल पोटाचं, लहान तोंडाचं पाण्याचं मडकं. ते बनतं कसं, ते जरा जवळून पाहू.

मळलेल्या मातीची जाड चकती घेतात. जमिनीत अर्धगोल खळगा असतो, त्यात माती चिकटू नये म्हणून राख भुरभुरतात आणि चकती ठेवतात. मग एका हातात गोल तोंडाचा जड ठोकणा. ठोका बसतो, दुसरा हात माती बोटभर फिरवतो, पुन्हा ठोका. माती खळग्याच्या भिंतीवर वर चढत जाते आणि पातळ होत जाते. फिरवणं आणि ठोकणं यांचा ताल एवढा पक्का असतो की डोळे दुसरीकडे असले तरी जाडी चुकत नाही. गोल पोट तयार झालं की ते थोडं सुकू देतात, कारण ओल्या पोटावर गळ्याचं वजन टाकलं तर ते बसतं. मग गळा आणि काठ चढवायचा.

आपल्याकडचा कुंभार चाकावर जाड मडकं उतरवतो, मग आत दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ते फुगवतो. नझल्याला चाक नाही, आणि बाहेरच्या थापटण्याचं काम जमीन करते. ठोकण्याचा हेतू दोन्हीकडे एकच. ठोकल्याने मातीचे कण घट्ट बसतात, भिंत सगळीकडे सारखी होते आणि बुडाशी कोपरा राहत नाही. कोपरा असला की सुकताना आणि भाजताना ताण तिथे जमतो, आणि तडा जातो तो तिथूनच. म्हणून जगभर पाण्याची बरीच जुनी मडकी बुडाशी गोल असतात आणि त्यांना घडवंची लागते.

माती म्हणजे माती, त्यात काय एवढं?

इजिप्तमध्ये दोन माती आहेत आणि दोघींचा स्वभाव अगदी वेगळा.

पहिली नाईलचा गाळ. इथिओपियाच्या डोंगरांतून पुराबरोबर हजारो वर्षं वाहून आलेली काळसर, लोहाचा अंश असलेली माती. ती मळायला सोपी आणि भाजली की तांबूस-तपकिरी होते. रोजची बहुतेक भांडी हिचीच.

दुसरी माती वाळवंटाच्या कडेला, चुनखडीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी मिळते. तिच्यात चुन्याचा अंश भरपूर असतो. अभ्यासक तिला ‘मार्ल’ म्हणतात, आपण चुनट माती म्हणू. ती भाजली की फिकट निघते, कधी पिवळसर, कधी हिरवट झाक असलेली. दक्षिण इजिप्तमधला किना हा भाग या मातीसाठी प्रसिद्ध आहे. पाणी प्यायची बारीक गळ्याची सुरई, जिला तिकडे ‘गुल्ला’ म्हणतात, ती किनाची असेल तर तिचा मान वेगळा. किनाजवळच्या बल्लास गावाच्या नावाने ‘बल्लास’ हा उंच घडाच ओळखला जातो. बायका तो डोक्यावर आडवा ठेवून नदीवर जात आणि भरून उभा आणत. बल्लासचे घडे होड्यांवर रचून नाईलमधून शेकडो किलोमीटर उत्तरेला कैरोपर्यंत जात.

एवढ्या लांबून मडकी मागवायचं कारण म्हणजे तिथल्या मातीचं पाझरणं. चुनट मातीतलं मीठ सुकताना पृष्ठभागावर येतं आणि भाजल्यावर पांढरट साय धरते. म्हणून ही भांडी रंग न लावताही उजळ दिसतात. भिंतीतून पाणी बारीक आणि एकसारखं झिरपतं. गुल्ल्यासाठी हेच हवं असतं.

मातीत भुसा कशाला?

नुसत्या चिकणमातीचं मडकं केलं तर ते सुकतानाच फाटतं. चिकणमाती पाणी सोडताना आकसते, आणि बाहेरची बाजू आतल्यापेक्षा आधी सुकल्याने दोन्हींची ओढाताण होते. ती कमी करायला मातीत न आकसणारं काहीतरी मिसळतात: बारीक पेंढा, भुसा, राख, वाळू. आपल्याकडचे कुंभार राख आणि घोड्याची लीद घालतात, तीही याचसाठी.

भुशाचं खरं काम मात्र भट्टीत होतं. तिथे तो जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. म्हणजे भुसा किती घालायचा हे ठरवताना कुंभार मडक्याच्या भिंतीत हवा किती ठेवायची ते ठरवत असतो. रांजणाला जास्त, तेलाच्या किंवा खारवलेल्या जुन्या चीजच्या बरणीला कमी. तिकडचं हे ‘मिश’ नावाचं चीज महिनोन्महिने मुरवतात, त्याच्या मडक्याने पाझरून चालत नाही. म्हणून अशी भांडी आतून राळ, डांबर किंवा तेलाने बंद करण्याची पद्धत जुनी आहे. गावाच्या एकाच भट्टीतून पाझरणारी आणि न पाझरणारी अशी दोन्ही भांडी निघतात. कुठलं कुठलं, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. कुंभाराला मात्र सांगता येतं.

भट्टीत काय घडतं?

माती सुकली तरी ती मातीच असते. पाण्यात टाकली की पुन्हा चिखल. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला मातीच्या कणांच्या आत रासायनिक बंधाने अडकलेलं पाणी निघून जातं, आणि त्यानंतर ती कधीच चिखल होत नाही. गावठी भट्टी साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. त्याहून बरंच वर नेलं तर कण वितळून एकमेकांना चिकटू लागतात, भोकं बुजतात आणि पाझरणं बंद होतं. म्हणजे पाण्याच्या मडक्याला पुरेसं भाजायचं, पण जास्त नाही. कमी भाजलं तर ठिसूळ, जास्त भाजलं तर पाणी गार होत नाही. या पट्ट्यात थर्मामीटरशिवाय थांबणं हेच ते कसब.

भट्टीची रचना जुनीच आहे. खाली आग, मध्ये भोकांची फरशी, वर रचलेली मडकी, आणि सगळ्यात वर फुटक्या खापरांचं झाकण. आच फरशीच्या भोकांतून वर चढते. जळण म्हणून पेंढा, खजुराच्या झावळ्या, लाकडाचा भुसा, जे स्वस्त मिळेल ते. सुरुवातीला आच मंद ठेवतात. घाई केली तर भिंतीत उरलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि मडकं आतून फुटतं, शेजारच्या चार मडक्यांना घेऊन. चुनट मातीत आणखी एक धोका असतो. चुन्याचा एखादा मोठा खडा मळताना राहून गेला तर भट्टीत त्याची चुनकळी होते. नंतर हवेतला दमटपणा शोषून ती फुगते आणि घरी नेलेल्या मडक्याचा टवका उडतो. म्हणून खडे वेचायचं कंटाळवाणं काम फार महत्त्वाचं.

मडक्यात पाणी गार कसं होतं?

पाणी भिंतीतून झिरपून बाहेर येतं आणि उडून जातं. उडून जायला उष्णता लागते, ती ते मडक्यातून आणि आतल्या पाण्यातून घेतं. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावरची ओली घडी करते तेच. आकडा पाहिला तर या साध्या गोष्टीची ताकद कळते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. तेवढी उष्णता पन्नासहून जास्त लिटर पाण्यातून काढून घेतली तर ते दहा अंशांनी गार होईल. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सतत आत येत राहते, म्हणून पाणी जास्त खर्ची पडतं. तरीही वीज न लागणारं हे यंत्र विलक्षण आहे.

आता एक शंका. नागपूरचा माठ मे महिन्यात दात शिवशिवतील असं पाणी देतो आणि तसाच माठ मुंबईत आणला तर पाणी जेमतेम गार होतं. माठ खोटा असतो का?

नाही, हवा वेगळी असते. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर मडक्यावरचं पाणी उडायला जागा मिळत नाही. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला तर तो ज्या अंशावर स्थिरावतो त्याला ‘वेट बल्ब तापमान’ म्हणतात. कुठलंही मडकं पाणी त्याच्या खाली नेऊ शकत नाही. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ही मर्यादा साधारण २२ अंशांवर येते. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ती २८ च्या आसपास अडकते. दक्षिण इजिप्तचा उन्हाळा पहिल्या प्रकारचा, विदर्भाचा मेही तसाच. मुंबई, कोकण आणि गोवा दुसऱ्या प्रकारचे. किनाच्या गुल्ल्याचं नाव झालं त्यात मातीइतकाच तिथल्या कोरड्या हवेचा हात आहे.

वाऱ्याचंही महत्त्व आहे. जुन्या कैरोत घरांच्या लाकडी जाळीदार सज्ज्यांमध्ये, जिथे झुळूक येते तिथे, गुल्ले ठेवत. इजिप्तचे प्रसिद्ध वास्तुरचनाकार हसन फाथी यांनी हे ओळखलं होतं. वाऱ्याच्या वाटेवर पाझरते रांजण ठेवून खोलीतली हवा गार करण्याच्या जुन्या युक्तीबद्दल त्यांनी आवर्जून लिहिलं आहे.

मग हे पाणी शुद्धही होतं का?

हा प्रश्न नेहमी येतो, आणि इथे भाबडेपणा नको. मोठ्या रांजणाला तिकडे ‘झीर’ म्हणतात. तो घडवंचीवर ठेवून खाली दुसरं भांडं ठेवत आणि झिरपून पडलेलं पाणी प्यायला घेत. पूर्वी पुराच्या दिवसांत नाईलचं पाणी इतकं गढूळ असे की झीरच्या आतल्या बाजूला वाटलेले बदाम चोळून गाळ खाली बसवत. हे वाचून मला आपल्याकडची निवळी आठवली. गढूळ पाण्याच्या मडक्यात निवळीचं बी उगाळायची रीत आपल्या आज्यांना ठाऊक होती. दोन्हीकडे बियांमधले पदार्थ गाळाच्या कणांना एकत्र चिकटवतात आणि ते तळाला बसतात.

पण गाळ बसणं वेगळं आणि जंतू मरणं वेगळं. साधं मडकं पाणी निर्जंतुक करत नाही. उलट उघड्या रांजणात सगळ्यांचे हात आणि पेले बुडत राहिले तर पाणी बिघडतं. इजिप्तच्या रस्त्यांवर वाटसरूंसाठी पुण्यकर्म म्हणून झीर भरून ठेवतात, आपल्या पाणपोईसारखे. त्यांच्याबाबत काळजी घ्यावी लागते ती हीच. गुल्ल्याची रचना या दृष्टीने शहाणपणाची आहे. गळ्याच्या आत मातीचीच एक जाळी असते, तिच्यामुळे किडे आणि कचरा आत जात नाही आणि पाणी धार धरून पडतं. कैरोच्या जुन्या फुस्तात भागात उत्खननात मध्ययुगातल्या अशा जाळ्या सापडल्या आहेत. त्या अगदी लहान, आणि त्यांत कोरलेले पक्षी, प्राणी, नक्षी, अक्षरं. जाळी गळ्याच्या आत असते, पाणी पिणाऱ्याने वाकून पाहिलं तरच दिसायची. तरीही कुणीतरी त्यात मोर कोरत बसलं होतं. मला यातलं प्रेम फार मोठं वाटतं.

जंतू अडवणारं मडकंही करता येतं. १९८१ मध्ये ग्वाटेमालात फर्नांडो माझारिएगोस यांनी मातीत ठरावीक प्रमाणात जळणारा भुसा घालून, भाजून, वर चांदीचा लेप देऊन घरगुती फिल्टर तयार केला. तो पुढे अनेक गरीब देशांत पोचला. त्यामागचं तत्त्व भुशाचंच, भोकं मात्र मोजूनमापून केलेली.

पाच हजार वर्षं तेच चाललंय, हे खरं का?

काही गोष्टी खरोखर फार जुन्या आहेत, पाच हजारांपेक्षाही. कारून सरोवराच्या उत्तरेला पुरातत्त्वज्ञ गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांना १९२० च्या दशकात इजिप्तमधल्या अगदी सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्या सापडल्या. त्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या. तिथली मडकी जाडीभरडी आहेत, आणि त्यांच्या मातीत पेंढा आहे. नझल्यापासून फार दूर नसलेली ही जागा. पेंढ्याची युक्ती या प्रदेशात तेव्हापासूनची आहे.

पण बाकी सगळं बदलत आलं. सुरुवातीच्या कुंभारांकडे चाक नव्हतं, तरी दक्षिणेतल्या बदारी इथली हाताने घडवलेली मडकी नंतरच्या कित्येक चाकावरच्या मडक्यांपेक्षा पातळ आहेत. चाक आलं ते साधारण पिरॅमिडांच्या काळात, तेही आधी हाताने सावकाश फिरवायचं. पायाने फिरवायचं चाक त्यानंतर दोनेक हजार वर्षांनी आलं. चाकाचं महत्त्व इजिप्शियन लोकांना एवढं वाटलं की खनूम हा देव चाकावर माणूस घडवतो अशी त्यांची श्रद्धा होती. हात्शेप्सुत राणीच्या मंदिरात तो तिला घडवताना कोरलेला आहे. पुढे इस्लामी काळात चकाकणारी काचेरी भांडी आली, नवे आकार आले, गळ्यातल्या जाळ्या आल्या.

मडकी बदलत गेली म्हणूनच तर इतिहास कळला. १८९४-९५ मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी दक्षिण इजिप्तमधल्या नकादा आणि बल्लास इथे दोन हजारांहून जास्त थडगी उकरली. त्यांत लेख नव्हते, राजांची नावं नव्हती. कुठलं थडगं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे कसं ठरवायचं? पेट्रींनी मडक्यांचे आकार पाहिले. एका प्रकारच्या घड्याला सुरुवातीला धरायला नागमोडी कान होते. पुढच्या घड्यांत ते लहान झाले, मग नुसती उठावाची रेघ उरली, शेवटी रंगवलेली रेघ. ही उतरण लावून त्यांनी थडग्यांना क्रमांक दिले, आणि सुरुवात ३० पासून केली, म्हणजे याहून जुनं काही सापडलं तर आधीचे आकडे मोकळे असावेत. ते पुढे सापडलंही. जगभरच्या उत्खननात आज खापरं जपून ठेवतात, त्यामागे ही एक मोठी शिकवण आहे. आणि ती शक्य झाली, कारण कुंभार तेच ते करत राहिले नव्हते.

मग आत्ता धोका कशाला आहे?

मोडली आहे ती गरज. बल्लासच्या जागी प्लॅस्टिकचा कॅन आला, झीरच्या जागी फ्रिज आला. पाणी उपसणाऱ्या रहाटाला बांधायची मडकी (आपल्या रहाटगाडग्याला असत तशीच) डिझेल पंपाने संपवली. नळ घरात आला आणि नदीवर जाणं थांबलं. हे बदल वाईट नाहीत, डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

मातीवरही परिणाम झाला. १९६० मध्ये सुरू होऊन १९७० मध्ये पूर्ण झालेल्या आस्वानच्या मोठ्या धरणाने नाईलचा वार्षिक पूर थांबवला. दर वर्षी येणारा कोट्यवधी टन गाळ धरणामागच्या नासेर सरोवरात अडकू लागला. शेताची माती पुन्हा भरून निघणार नाही हे स्पष्ट झालं. तिकडे लाल विटांसाठी सुपीक थर खरवडणं चालूच होतं, म्हणून १९८० च्या दशकात सरकारने शेतजमिनीची माती काढण्यावर कायद्याने बंदी आणली. निर्णय योग्यच होता. पण कुंभाराच्या बापाने जी माती बांधावरून उचलली, ती आता त्याला तशी उचलता येत नाही.

काही गिऱ्हाईक टिकलं आहे. खेड्यांतल्या कबुतरांच्या उंच बुरुजांत घरट्यांसाठी मडकी लागतात. बाळ सात दिवसांचं झालं की ‘सुबू’ नावाचा समारंभ होतो. त्यात मुलगी असेल तर गुल्ला सजवतात, मुलगा असेल तर तोटीची झारी. नकोसा पाहुणा गेला की त्याच्या मागे गुल्ला फोडायचा, म्हणजे तो परत येत नाही, असा समजही आहे.

पण फय्यूममधल्या दुसऱ्या गावाने ही कला वाचवली ना?

वाचवली, पण नेमकी कुठली कला हे पाहायला हवं. कारून सरोवराजवळ तुनिस नावाचं गाव आहे (ट्युनिशियाच्या राजधानीशी त्याचा संबंध नाही). स्वित्झर्लंडच्या कुंभारकलाकार एव्हलिन पोरे तिथे येऊन राहिल्या, आणि १९९० च्या सुमारास त्यांनी गावातल्या मुलामुलींसाठी शाळा काढली. नमुने गिरवायला न लावता मुलांना आपल्या डोळ्यांनी पाहिलेले मासे, खजुरी, बदकं, गाढवं काढू दिली. ती मुलं मोठी होऊन स्वतःच्या कार्यशाळा चालवू लागली, मुलीही. आज गावात कार्यशाळांची रांग आहे, दर वर्षी उत्सव भरतो, कैरोहून लोक येतात. पोरे २०२१ मध्ये वारल्या. एका बाईने गावाचं अर्थकारण बदललं, हे मोठं काम आहे, आणि ते मी मनापासून मानतो.

पण तुनिसची भांडी ‘ग्लेझ’ केलेली असतात, म्हणजे त्यांच्यावर भाजून काचेसारखा थर चढवलेला असतो. तो थर भोकं बंद करतो. ती ताटं, वाडगे, कप सुंदर आहेत, पण ती पाझरत नाहीत, आणि पाझरूही नयेत. म्हणजे तुनिसमध्ये कुंभार वाचला, पण नझल्याच्या कुंभाराला जे येतं ते तिथे शिकवलं जात नाही. भुसा किती, आच कुठे थांबवायची, ठोका केवढा, ही विद्या वेगळी आहे. पर्यटकांसाठीच्या जाहिरातीत दोन्ही गावांना ‘फय्यूमची प्राचीन कुंभारकला’ म्हणतात, तेव्हा ही दरी झाकली जाते. मला काळजी याचीच वाटते. एक गाव भरभराटीला आलं म्हणून दुसऱ्या गावातलं ज्ञान सुखरूप आहे असं आपण समजून बसू.

भट्ट्यांच्या धुराचं काय?

आक्षेप रास्त आहे. पेंढा आणि भुसा जळताना दाट काळा धूर होतो, आणि स्वस्त म्हणून कचरा जाळला तर तो विषारी होतो. कुंभाराची स्वतःची छाती आधी जाते. गॅसची भट्टी स्वच्छ, पण तिचा खर्च स्वस्त मडक्यातून निघत नाही. तो निघायचा असेल तर मडक्याला किंमत देणारं नवं काम मिळायला हवं.

असं एक काम आपल्याला परकं नाही. मटका सिंचनात बिनझिलईचं मडकं रोपाच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरतात आणि पाण्याने भरतात. माती कोरडी पडली की ती भिंतीतून पाणी ओढते, ओली असली की ओढणं थांबतं. पाणी उडून जात नाही, तण माजत नाही. महाराष्ट्रातल्या कोरडवाहू भागात फळझाडं जगवायला काही शेतकरी हे करतात. इजिप्तला पाण्यासाठी जवळजवळ सगळा भार एकट्या नाईलवर टाकावा लागतो, आणि नवी शेती वाळवंटाच्या कडेने सरकते आहे. तिथे अशी मडकी हजारांनी लागू शकतील. काचेरी भांडं इथे निरुपयोगी, आणि साच्यातून काढलेली स्वस्त कुंडी जास्त भाजली गेली तर तीही. मडक्याची भिंत ठरावीक वेगानेच पाझरायला हवी, आणि तशी भिंत घडवणारे हात आज नझल्याच्या घळीत आहेत.